लंडनला निघालेल्या आईवडिलांसाठी
प्रस्तावना

लंडनबद्दल मराठीत लिहिण्याची परंपरा जुनी आहे. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते १८३९ साली तिकडे गेले आणि चौदा वर्षे चिकाटीने झगडत राहिले. पंडिता रमाबाईंनी आपल्या इंग्लंडच्या प्रवासाची हकीकत पत्रातून कळवली, तिची पुस्तिका १८८३ साली निघाली. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने १९६० पासून पुढे कितीतरी घरांत लंडन नेऊन पोहोचवले. हे सगळे आपले धन आहे. पण आज नेरळच्या, कर्जतच्या, खोपोलीच्या किंवा मोहोपाड्याच्या एखाद्या घरात आईवडील व्हिसाचा अर्ज भरायला बसतात तेव्हा त्यांचे प्रश्न निराळे असतात. सातबारा मराठीत आहे, तो चालेल का? लग्नाआधीचे नाव एका कागदावर आणि नंतरचे दुसऱ्यावर, त्याचे काय करायचे? तूप नेता येते का? तिथे रक्तदाबाची गोळी संपली तर?

बाजारात मिळणारी प्रवासाची पुस्तके या प्रश्नांकडे वळत नाहीत, कारण ती तीन दिवसांच्या पाहुण्यासाठी लिहिलेली असतात. लंडन आय, टॉवर ब्रिज, राजवाडा, पुढे पॅरिस. आपल्या कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांतून जाणारा माणूस असा जात नाही. मुलगा किंवा लेक तिथे नोकरीला असते, घरात बाळ येणार असते किंवा आलेले असते, आणि आईवडील दोन-तीन महिन्यांसाठी, कधी पाच महिन्यांसाठीही जातात. सकाळी आठला घरातली कमावती माणसे बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत दोघेच. बाहेर पडावे तर बसचा नंबर माहीत नाही, कार्ड कुठे लावायचे माहीत नाही, चुकलो तर कोणाला विचारणार ही धास्ती. मग आठवडाभर शनिवारची वाट पाहायची. चाळीस वर्षे स्वतःच्या पायावर उभा असलेला माणूस परक्या घरात खिडकीपाशी बसून राहतो, हे मला फार लागते. ही पुस्तिका त्यासाठी आहे. तिचा हेतू एकच: इथून गेलेल्या माणसाला लंडनमध्ये एकट्याने हिंडता यावे.

सुरुवात कागदांपासून करावी लागते, कारण पुष्कळांचा प्रवास तिथेच अडतो. आईवडिलांना लागतो तो साधा व्हिजिटर व्हिसा. त्यावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येते. दोन, पाच किंवा दहा वर्षांचा व्हिसा काढला तरी प्रत्येक मुक्कामाची मर्यादा सहा महिन्यांचीच. अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा आणि बोटांचे ठसे व फोटो द्यायला मुंबईला केंद्रावर जायचे. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांहून लवकर अर्ज करता येत नाही. ठसे दिल्यानंतर सर्वसाधारणपणे तीन आठवड्यांत निर्णय येतो, पण गर्दीच्या हंगामात उशीर धरून चालावे.

अधिकाऱ्याला दोन गोष्टी पटवायच्या असतात: खर्च कोण करणार, आणि तुम्ही परत येणार का. खर्चासाठी मुलाच्या पगाराच्या स्लिपा, त्याचे बँकेचे उतारे, घराचा भाडेकरार, त्याच्या पासपोर्टची व व्हिसाची प्रत आणि त्याचे निमंत्रणपत्र. परत येण्यासाठी तुमची पेन्शन, तुमचे घर, तुमची जमीन, मागे राहणारी माणसे. इथे आपल्याकडची एक अडचण येते. सातबारा, आठ-अ, फेरफार, ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, हे सगळे मराठीत असते, आणि इंग्रजी किंवा वेल्श भाषेत नसलेल्या प्रत्येक कागदाला पूर्ण भाषांतर जोडावे लागते. भाषांतर करणाऱ्याने ते मुळाबरहुकूम असल्याचे लिहून द्यायचे, तारीख टाकायची, पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील द्यायचा. पुतण्याने कागदाच्या कडेला इंग्रजीत लिहून दिलेले चालत नाही.

आणखी एक गोष्ट कर्जत-खालापूरला विशेष लागू आहे. एक्सप्रेसवे झाल्यापासून इथल्या जमिनींचे व्यवहार वाढले, आणि जमीन विकून आलेली रक्कम एकदम खात्यात जमा झालेली दिसते. अर्जाच्या तोंडावर खात्यात मोठा आकडा दिसला की तो कुठून आला हा प्रश्न येणारच. पैसा सचोटीचा असेल तर लपवायचे काही नाही. खरेदीखताची प्रत आणि तिचे भाषांतर सोबत जोडा आणि एका साध्या पत्रात दोन ओळींत खुलासा करा. कमी कागद असले तर चालतील, पण खोटा कागद एकही नको. फसवणूक सिद्ध झाली तर दहा वर्षांपर्यंत ब्रिटनचा दरवाजा बंद होऊ शकतो. 'व्हिसा नक्की काढून देतो' असे म्हणणाऱ्या एजंटच्या हाती असे काहीही नसते, आणि खोट्याची शिक्षा मात्र अर्जदाराला होते.

नातवंडाला सांभाळायला जातो असे सांगावे की नाही, यावर घराघरांत कुजबुज चालते. खरे तेच सांगावे. आजी-आजोबांनी भेटीच्या काळात नातवंडाकडे पाहणे नियमाला धरून आहे. पगारी दाई म्हणून राहणे किंवा भेटीच्या नावाखाली कायमचे तिथे राहणे मात्र बसत नाही. विमानतळावर अधिकारी विचारतो ते एवढेच असते: कोणाकडे आलात, किती दिवस, परतीचे तिकीट आहे का. इंग्रजी येत नसेल तर मुलाचे नाव, पत्ता, फोन आणि परतीची तारीख इंग्रजीत लिहिलेला कागद पासपोर्टमध्ये ठेवा. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची नोंद करा. हीथ्रोला चालणे बरेच असते.

ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिस होत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. फ्रान्ससकट एकोणतीस देशांचा शेंगेन व्हिसा वेगळा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवरून पॅरिसला गाडी सुटते, पण तो व्हिसा नसेल तर तिच्यात बसता येत नाही.

कधी जावे याचे माझे उत्तर ठरलेले आहे: एप्रिलच्या अखेरीस निघावे आणि गणपतीला घरी परत यावे. जूनमध्ये तिथे रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. नवख्या माणसाला हिंडायला उजेड लागतो. ज्यांची भाताची लावणी आहे त्यांना जून-जुलै सोडवत नाही. त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरचा विचार करावा. पावसाची मात्र भीती बाळगू नये. कर्जतला एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, लंडनला अख्ख्या वर्षात साधारण सहाशे. तिथला पाऊस बारीक असतो, येतो-जातो, आणि सोबत वारा असतो. म्हणून छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट बरे. एक जाड कोट घेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घातलेले उपयोगी पडतात, कारण घरात, बसमध्ये आणि दुकानात उबदार असते.

सामान भरताना आईचा जीव सगळ्यात जास्त अडकतो, आणि नेमके तिथेच नियम कडक आहेत. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये स्वतःच्या वापरासाठीही नेता येत नाहीत. म्हणजे घरचे तूप, पेढे, खवा, श्रीखंड हे सगळे बाद. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही सामानात घालू नका. त्यातल्या तेलामुळे ते विमानात पेट घेणाऱ्या मालात धरले जाते. लोणचे आणि ओली चटणी हातातल्या पिशवीत ठेवली तर मुंबईतच काढून घेतात, कारण ती द्रवपदार्थांत मोजली जाते. मोठ्या बॅगेत घट्ट बांधून घालावी. सुक्या मासळीचे नियम मांसाहून वेगळे आहेत, ते भरण्याआधी पाहून घ्यावेत. उरते ते काही कमी नाही: घरचा मसाला, आमसुले, पोह्याचे पापड, कुरडया, मेतकूट, भाजणी. डाळी आणि पीठ तिथल्या आपल्या लोकांच्या दुकानांत सहज मिळते, त्यासाठी वजन वाया घालवू नये.

विमान कुठून आहे ते तिकिटावर नीट वाचा. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, आणि खालापूरकरांना तो सहारच्या विमानतळाहून जवळ आहे. मुंबई म्हटले की सहारच, असे यापुढे धरून चालता येणार नाही.

आता मुख्य विषय, लंडनमध्ये फिरण्याचा. या पुस्तिकेची निम्म्याहून अधिक पाने त्यावर खर्च केली आहेत आणि ती सर्वांनी वाचावीत असा माझा आग्रह आहे.

लंडनची भुयारी रेल्वे १८६३ च्या जानेवारीत पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुरू झाली. त्याच वर्षी आपल्या बोरघाटातून रेल्वे वर चढली. ती चढवताना इथे हजारो मजूर पटकी-तापाने आणि अपघातांनी मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने ते काम पुढे नेले. म्हणजे आपली घाटातली रेल्वे लंडनकरांच्या भुयारी रेल्वेइतकीच जुनी आहे. शंभर किलोमीटरवरून पहाटेची लोकल पकडून मुंबईत कामाला जाणारा आणि रात्री परतणारा कर्जतकर जगातल्या कोणत्याही शहराच्या गाडीत चढू शकतो. अवघड ते त्याला आधीच येते. शिकायच्या राहतात त्या चार-पाच किरकोळ गोष्टी.

त्यातली पहिली गोष्ट कार्ड. तिकीटखिडकीचा विचार सोडून द्या. ऑयस्टर नावाचे निळे कार्ड घ्या आणि त्यात पैसे भरा, किंवा संपर्काविना चालणारे बँकेचे कार्ड वापरा. भारतीय बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहाराचे जादा पैसे कापले जातात, म्हणून दीर्घ मुक्कामाला ऑयस्टर बरे. प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. भुयारी गाडीत आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचे. बाहेर पडताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडे कापले जाते. बसमध्ये मात्र चढतानाच फक्त एकदा टेकवायचे. दिवसभरात ठरावीक रकमेपर्यंतच पैसे कापले जातात, त्यापुढचा प्रवास फुकट. पण त्यासाठी दिवसभर तेच कार्ड वापरायला हवे. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन असे केले तर हिशेब दोन ठिकाणी होतो. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. साठीच्या पुढच्यांना मोफत प्रवास असल्याचे तुम्ही ऐकाल, पण ती सवलत लंडनच्या रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही.

दुसरी गोष्ट गाडीच्या फाट्यांची. तिथल्या नॉर्दर्न लाइनची गाडी एकाच फलाटावर वेगवेगळ्या ठिकाणची येते, कारण तिला मध्ये दोन मार्ग आहेत, एक बँकवरून आणि एक चेअरिंग क्रॉसवरून, आणि उत्तरेला पुन्हा फाटे. कल्याणला कसाऱ्याची आणि कर्जतची गाडी वेगळी होते, तसेच हे. दादरला उभे राहून इंडिकेटरवर आधी अक्षर आणि मग वेळ पाहण्याची सवय तुम्हाला आहेच. तिथेही गाडीचे शेवटचे स्टेशन वाचल्याशिवाय चढू नका. हीथ्रोहून शहरात येताना महागड्या गाडीची गरज नाही. मे २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन रुंद डब्यांची, थंड आणि बहुतेक ठिकाणी लिफ्ट असलेली आहे.

गुडघ्यांचे म्हणून एक प्रकरण वेगळे केले आहे. हॅम्पस्टेड स्टेशन जमिनीखाली साधारण अठ्ठावन्न मीटरवर आहे आणि तिथला गोल जिना तीनशेवीस पायऱ्यांचा. लिफ्टची रांग दिसली म्हणून जिन्याकडे वळू नका. पायऱ्यांशिवाय कोणत्या स्टेशनांवर जाता येते याचा स्वतंत्र नकाशा मिळतो, तो फोनमध्ये ठेवावा. सरकत्या जिन्यावर उभे राहायचे ते उजव्या बाजूला. डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवतात आणि ती अडवलेली तिथल्या माणसाला खपत नाही.

पण माझे मत विचाराल तर पहिले दोन आठवडे भुयारात उतरूच नका. लाल बस धरा. ती जमिनीवरून जाते, रस्ता दिसतो, पुढचा थांबा पडद्यावर येतो आणि बोलूनही सांगतात. एकदा कार्ड टेकवले की तासाभरात दुसरी बस बदलली तरी पुन्हा पैसे पडत नाहीत. चुकीच्या थांब्यावर उतरलात तर समोरच्या बाजूने उलटी बस मिळते. सकाळी साडेनऊनंतर गर्दी ओसरते. पहिल्या दिवशी घराजवळच्या थांब्यावरून चार थांबे जावे आणि परत यावे. दुसऱ्या दिवशी शेवटच्या थांब्यापर्यंत.

घरातल्या बारीकसारीक गोष्टी इथे थोडक्यात सांगतो, सविस्तर आत आहेत. छताला धुराचा अलार्म असतो. मोहरी-हिंगाची फोडणी जरा जळली किंवा उदबत्ती खाली लावली तरी तो किंचाळतो. घाबरू नये, खिडकी उघडावी, आणि स्वयंपाक करताना पंखा आधी लावावा. पुष्कळ घरांचे दार ओढले की आपोआप कुलूप लागते. किल्ली गळ्यात असल्याशिवाय कचरा टाकायलाही बाहेर पडू नये. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नयेत, नळाचे पाणी पिण्याचे असते. तिथे तीन चौकोनी पिनांचा प्लग चालतो, आपल्या चार्जरसाठी त्याचे अडॅप्टर इथूनच न्यावे.

तब्येतीबाबत मात्र घाईने पाने उलटू नका. तिथली सरकारी आरोग्यसेवा मोफत आहे हे ऐकून लोक विमा काढत नाहीत. ती रहिवाशांना मोफत आहे. पाहुण्याला अपघात-तातडी विभागात पहिले उपचार मिळतात, पण दाखल व्हावे लागले की बिल येते, आणि ते सरकारी दराच्या दीडपट असते. म्हणून प्रवासाचा वैद्यकीय विमा काढाच, आणि त्यात मधुमेह, रक्तदाब, झालेली अँजिओप्लास्टी, सगळे प्रामाणिकपणे लिहा. लपवलेल्या आजारावर दावा मिळत नाही. मुक्काम जितका असेल त्याहून महिनाभर जास्तीच्या गोळ्या न्या, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा. तिथे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक किंवा रक्तदाबाची गोळी मिळत नाही. तातडीला ९९९, आणि काय करावे कळत नसेल तर १११. हे दोन आकडे फोनमध्ये नकोत, पाठ हवेत.

काय पाहावे याच्या याद्या सगळीकडे आहेत. मी माझ्या आवडीच्या जागा सांगतो. रायगड जिल्ह्याच्या माणसाने लंडनमध्ये आधी किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर पाहावे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली घेतले आणि तिथे स्मारक केले. तिथे अभ्यास करणारा तो विद्यार्थी पाच-सहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, आपल्याच जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याला हात लावतो. हे ज्याला ठाऊक आहे त्याने त्या खोल्यांत उभे राहिलेच पाहिजे. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येते. उघडण्याच्या वेळा आधी पाहाव्यात. मेडा व्हेलमधल्या हाउली प्लेसला लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले, तिथे पाटी आहे.

रेल्वेत नोकरी केलेल्यांनी सायन्स म्युझियम चुकवू नये. जगात शिल्लक असलेल्या रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांतले सगळ्यात जुने, 'पफिंग बिली', तिथे आहे. कर्जतला मागून ढकलणारे बँकर इंजिन जोडून गाडी घाटात चढवलेल्या माणसाला त्या इंजिनापुढे जे वाटेल ते इतरांना वाटणार नाही. प्रवेश मोफत आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांचाही मोफत. बसायला बाके, स्वच्छतागृहे आणि ऊब या तिन्ही गोष्टी तिथे मिळतात. शिवरायांच्या नावाने प्रसिद्ध असलेली वाघनखे मात्र सध्या तिथे शोधू नयेत. ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडून तीन वर्षांच्या करारावर जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली आहेत. ती महाराजांनीच वापरली हे सिद्ध करता येत नाही, असे ते म्युझियमच सांगते.

आपली माणसे भेटायला डॉलिस हिलला जावे. महाराष्ट्र मंडळ, लंडन १९३२ पासून आहे आणि त्याची स्वतःची वास्तू आहे. तिथे मराठी बोलायला मिळते, आणि तिसऱ्या महिन्यात ती गरज जेवणाइतकी खरी होते. वडापाव हाउन्सलोला मिळतो. कर्जत स्टेशनच्या वड्याशी त्याची तुलना करत बसू नये, गरम असताना खावा.

नियम, फी आणि भाडी बदलत राहतात. व्हिसाचे रूपही स्टिकरकडून ऑनलाइन नोंदीकडे चालले आहे. म्हणून या पुस्तिकेत रकमा छापलेल्या नाहीत. त्या अर्ज भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरच पाहाव्यात, आणि व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणाऱ्या पैशांचे तिकीट काढू नये.

तिथे राहणाऱ्या मुलामुलींना एक विनंती आहे. आईबाबा आले की पहिल्या रविवारी त्यांना राजवाडा दाखवायला नेऊ नका. त्यांच्या हातात कार्ड द्या, घराजवळच्या थांब्यावरून बसमध्ये बसवा, तुम्ही मागच्या सीटवर बसा आणि काही बोलू नका. कुठे उतरायचे ते त्यांना ठरवू द्या. सोमवारी त्यांना एकटे जाऊ द्या.